लेकरू जेवत नाही, पण पुडी मागतं! भाकरीची गोडी लावायची तर आधी घड्याळ बघा

बीड : अंगणवाडीत वजनाच्या दिवशी काट्याजवळ उभ्या असलेल्या आयांच्या तोंडी एक वाक्य हमखास असतं. "ताई, लेकरू जेवतच नाही ओ." ताई वहीत आकडा लिहितात, मागच्या महिन्याच्या आकड्याकडे बघतात. दोन्ही सारखेच. एक ते पाच वयाचं लेकरू वर्षाला साधारण दोन किलो वाढायला हवं, म्हणजे महिन्याला दीड-पावणेदोनशे ग्रॅम. तीन-तीन महिने काटा हलत नसेल तर आईला काळजी वाटणारच.

पण त्याच आईला विचारा, "आज सकाळपासून त्यानं काय काय खाल्लं, नीट आठवून सांगा." मग यादी निघते. उठल्या उठल्या अर्धा कप चहा, त्यात बुडवून चार बिस्किटं. नऊच्या सुमाराला आजोबा पारावरून आले, नातवानं धोतर ओढलं, त्यांनी पाच रुपये काढून दिले आणि दुकानातून चटपटीत पुडी आली. साडेदहाला शेजारी पाहुणे आले, तिथं पुन्हा चहा-बिस्कीट. बारा वाजता आईनं शेतातून येऊन भाकर आणि कोरड्यास वाढलं, तर लेकरानं तोंड फिरवलं.

म्हणजे लेकरू उपाशी नाही. ते जेवून बसलंय. फक्त जे जेवलंय त्यात मैदा, साखर, तेल आणि मीठ सोडून फारसं काही नाही. लहान लेकराचं पोट लहानच असतं. चार बिस्किटं आणि गोड चहा एवढ्यानं भूक मरायला पुरते. मग आई हट्टानं भरवायला जाते, लेकरू रडतं, आजी म्हणते "राहू दे, त्याला पुडी आणून दे, काहीतरी तर पोटात जाईल". दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

पोरं खात नाहीत या तक्रारीत निम्म्याहून जास्त वाटा या वेळापत्रकाचा असतो. लेकराच्या आवडीनिवडीचा नंबर नंतर लागतो. त्यामुळे काय खाऊ घालायचं हे ठरवण्याआधी, जेवणाच्या आधीच्या दोन तासांत त्याच्या तोंडात काय जातंय हे चार दिवस नुसतं बघून ठेवलं तरी पुष्कळ उलगडा होतो.

दिसायला गुबगुबीत, आतून पांढरं

हा विषय नुसत्या लाडाचा नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालच्या मुलांपैकी ३५.२ टक्के मुलं वयाच्या मानानं बुटकी, तर ३६.१ टक्के कमी वजनाची निघाली. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलांत रक्त कमी असणाऱ्यांचं प्रमाण ६८.९ टक्के होतं. आधीच्या फेरीत ते ५३.८ टक्के होतं. म्हणजे मधल्या चार-पाच वर्षांत ते कमी होण्याऐवजी वाढलं. अंगणवाडीच्या सतरंजीवर दहा लेकरं बसली असतील, तर त्यातली सात जणं या हिशेबात येतात.

रक्त कमी असलेलं लेकरू आजारी दिसतंच असं नाही. बिस्किटांवर वाढलेलं मूल गालानं गुबगुबीतही असू शकतं. पण ते लवकर दमतं, चिडचिडं होतं, सारखं सर्दी-खोकल्यानं पडतं, शाळेत लक्ष लागत नाही. खालची पापणी ओढून बघितली तर आतला भाग लालसर दिसण्याऐवजी फिकट दिसतो. आणखी एक खूण गावाकडं सगळ्यांना माहीत आहे, पण तिचा अर्थ फार कमी जणांना माहीत असतो : माती खाणं, भिंतीचा पोपडा चाटणं, पाटीची पेन्सिल कुरतडणं. अशा लेकराला मार मिळतो. खरं तर बऱ्याचदा शरीरात लोह कमी पडल्याची ती निशाणी असते, आणि मारण्यापेक्षा रक्त तपासून घेण्याची गरज असते.

चार ते सहा वर्षांच्या मुलाला दिवसाला सुमारे ११ मिलिग्रॅम लोह लागतं. आता घरातल्या धान्याकडे बघू. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या तक्त्यानुसार १०० ग्रॅम बाजरीत सहा मिलिग्रॅमच्या वर लोह असतं, ज्वारीत चारच्या आसपास, आणि पॉलिश केलेल्या पांढऱ्या तांदळात एकही मिलिग्रॅम पुरतं नसतं. आष्टी, पाटोदा, शिरूरच्या माळरानावर पिढ्यान् पिढ्या पिकणारी बाजरी ही या बाबतीत कुठल्याही डब्यातल्या पावडरीला ऐकणारी नाही. राहुरीच्या कृषी विद्यापीठाच्या सहकार्यानं विकसित झालेलं 'धनशक्ती' नावाचं बाजरीचं वाण तर मुद्दाम जास्त लोह असावं म्हणूनच काढलेलं आहे. ज्यांना घरापुरती बाजरी पेरायची आहे त्यांनी बियाणं घेताना त्याची चौकशी करायला हरकत नाही.

गंमत अशी की घरची बाजरी बाजारात जाते आणि त्या पैशातून मैद्याची बिस्किटं घरात येतात.

पुडीचा हिशेब

पाच रुपयांच्या चटपटीत पुडीवर वजन छापलेलं असतं. ते सहसा कुणी वाचत नाही. एखाद्या पुडीत २० ग्रॅम माल निघाला तर किलोचा भाव २५० रुपये झाला, १२ ग्रॅम निघाला तर चारशेच्या वर. शेंगदाणे, फुटाणे, गूळ यातलं काहीही गावच्या दुकानात त्याहून स्वस्त मिळतं.

एका लेकरामागं रोज दोन पुड्या आणि एक बिस्किटाचा पुडा धरला तर पंधरा रुपये, महिन्याचे साडेचारशे. अंडं सात रुपयांना धरलं तरी तेवढ्यात साठावर अंडी येतात. घरात दोन लेकरं असतील तर दोघांना रोज एकेक अंडं, आणि एका अंड्यात सुमारे सहा ग्रॅम प्रथिनं. 'गरिबाला कुठं परवडतं चांगलंचुंगलं' हे म्हणणं सगळीकडे खोटं नाही, पण पुडीच्या बाबतीत तरी खोटं आहे.

पाकिटाच्या मागं घटक पदार्थांची यादी असते. ती वजनाच्या उतरत्या क्रमानं छापणं कायद्यानं बंधनकारक आहे. म्हणजे जे सगळ्यात जास्त, ते पहिलं. पहिल्या तीन-चार नावांत मैदा, साखर आणि पामतेल असेल, तर पुढं कितीही 'व्हिटॅमिन' लिहिलेलं असो, ती वस्तू काय आहे हे कळून येतं. मोबाईलच्या कॅमेऱ्यानं तो बारीक मजकूर मोठा करून वाचता येतो. घरातल्या शाळकरी पोरालाच हे वाचायला लावलं तर उत्तम. आठवी-नववीची मुलं हे काम आवडीनं करतात आणि मग धाकट्या भावाला तीच दटावतात.

दुधात घालायच्या पावडरींचंही तेच. 'ताकद', 'उंची', 'बुद्धी' असं डब्यावर असतं आणि आत बऱ्याच डब्यांमध्ये साखरेचा वाटा मोठा असतो. एप्रिल २०२४ मध्ये केंद्रीय वाणिज्य मंत्रालयानं ऑनलाइन विक्री करणाऱ्या कंपन्यांना अशी पेयं 'हेल्थ ड्रिंक' या गटातून काढायला सांगितलं होतं. गावात मात्र पाहुणे आजारी लेकराला भेटायला येताना आजही तोच डबा घेऊन येतात.

तिखटाची अडचण

लेकरू भाजी खात नाही याचं एक अगदी साधं कारण घराघरात असतं आणि त्याकडं दुर्लक्ष होतं. आपल्याकडचं कोरड्यास तिखट असतं. मोठ्यांना हिरव्या मिरचीचा ठेचा आणि काळ्या मसाल्याचा रस्सा लागतो. तीन वर्षांच्या लेकराच्या जिभेला त्याचा चटका बसतो. ते एक घास घेतं, पाणी मागतं, आणि पुढच्या वेळी ताट बघूनच पळतं. मग आई त्याला भाकर चहात कुस्करून देते, नाहीतर साखर-चपाती देते. लेकरू त्या दिवशी शिकतं की भाजी म्हणजे भाजणारी गोष्ट आणि गोड म्हणजे सुखाची गोष्ट.

उपाय तसा सोपा आहे. फोडणीत तिखट पडण्याआधी लेकराच्या वाटणीचं बाजूला काढायचं. वरण शिजलं की मीठ-हळदीचं वाटीभर वेगळं. मटकीची उसळ, हरभऱ्याची भाजी, पिठलं, शेंगुळे, सगळ्यातच हे जमतं. वेगळा स्वयंपाक नको, वेगळं भांडंही नको, एक वाटी पुरते. त्या वाटीत चमचाभर शेंगदाण्याचं कूट किंवा थोडं तेल-तूप घातलं की ताकदही वाढते आणि चवही. पुढं लेकरू मोठं होईल तसं तिखट आपोआप येतं.

भाकरीचंही तसंच. दात पुरते आलेले नसताना गार, कडक झालेली भाकर चावणं लेकराला जड जातं. ती गरम असताना वरणात, दुधात किंवा ताकात कुस्करून दिली की जाते. बाजरीचा मलिदा – गरम भाकर चुरून त्यात थोडा गूळ आणि तूप – हा आजीच्या हातचा प्रकार लेकरं मागून खातात. धपाट्यात मेथी, कोथिंबीर, कांद्याची पात, किसलेला दुधी काहीही घाला, ते दिसत नाही आणि खाल्लं जातं. ताकातली ज्वारीची आंबील उन्हाळ्यात चहाला उत्तम पर्याय आहे. हिवाळ्यात हुरडा आला की लेकरांना वेगळं सांगावं लागत नाही, फक्त शेतावर सोबत न्यावं लागतं.

पालेभाजी हा सगळ्यात नावडता भाग. ती नुसती वाढण्यापेक्षा डाळीत घोटून दिलेली बरी. तांदुळजा, पाथरी, घोळ, करडईची कोवळी पानं, हरभऱ्याचा पाला, शेवग्याची पानं यातलं बरंचसं बांधावर किंवा परसात फुकट मिळतं. शेवगा तर दारात एक झाड असलं तरी घराला पुरतो. शेंगा विकल्या जातात आणि पाला शेळीला जातो. त्यातला मूठभर लेकराच्या वरणात गेला तर शेळी काही तक्रार करणार नाही.

कॅल्शियमसाठी नाचणीचं नाव सगळीकडे घेतलं जातं. ते बरोबरच आहे. पण नाचणी आपल्या भागातलं पीक नाही, विकत आणावी लागते. आपल्याकडे तीळ आहे. १०० ग्रॅम तिळात हजार मिलिग्रॅमच्या वर कॅल्शियम असतं. भोगीला तीळ लावलेली बाजरीची भाकर आणि मिसळीची भाजी करायची पद्धत ज्यांनी पाडली, त्यांनी पोषणाचे तक्ते बघितले नव्हते, पण तो दिवस वर्षातून एकदाच का, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे.

चहा, लिंबू आणि लोखंडी तवा

बाजरी आणि डाळींमधलं लोह शरीर सगळंच्या सगळं घेत नाही. बरंच तसंच बाहेर जातं. दोन गोष्टींनी यात फरक पडतो. जेवणासोबत आंबट काहीतरी असलं, म्हणजे लिंबाची फोड, कच्चा टोमॅटो, आवळा, पेरू, तर त्यातल्या क जीवनसत्त्वामुळे लोह जास्त शोषलं जातं. आणि जेवणाला लागून चहा घेतला तर चहातले घटक लोहाला अडवून धरतात. सकाळी चहा-चपाती, दुपारी भाकरीनंतर पुन्हा चहा असं लेकराचं चाललं असेल, तर चांगलं खाऊनही पदरात कमी पडतं. पाच वर्षांच्या मुलाला चहाची काहीच गरज नसते. एकदम बंद केला तर घर डोक्यावर घेईल, म्हणून आधी दूध वाढवत चहा कमी करायचा, आणि जेवणापासून तासभर लांब ठेवायचा.

लोखंडी तवा आणि कढई अजून घरात असतील तर त्या माळ्यावर टाकू नका. विशेषतः आंबट भाजी लोखंडी कढईत केली की थोडं लोह भाजीत उतरतं. चव थोडी बदलते आणि भाजी काळपट दिसते, ते चालण्यासारखं आहे. फक्त झाल्यावर ती लगेच दुसऱ्या भांड्यात काढावी.

गुळाबद्दल मात्र एक गैरसमज आहे. गूळ साखरेपेक्षा बरा, पण तो शेवटी गोडच. रक्त वाढावं म्हणून लेकराला रोज गुळाचे मोठाले खडे देण्यात अर्थ नाही. त्याची जागा शेंगदाण्याच्या किंवा तिळाच्या लाडवात, बांधण्यापुरती.

'खा, मग पुडी देते'

हे वाक्य प्रत्येक घरात रोज बोललं जातं आणि ते उलटं काम करतं. अमेरिकेतल्या बालमानसशास्त्रज्ञ लीअॅन बर्च आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये याचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी लहान मुलांना केफिर दिलं. केफिर म्हणजे आपल्या ताकाच्या जातीचं आंबवलेलं दूध. काही मुलांना ते प्यायल्याबद्दल बक्षीस मिळालं, काहींना नुसतंच दिलं. बक्षीस मिळालेल्या मुलांची त्या पेयाची आवड नंतर कमी झाली. ज्यांना काही आमिष नव्हतं, त्यांना ते हळूहळू आवडायला लागलं.

कारण लेकरू आपल्यापेक्षा हुशार असतं. 'हे खाल्लं तर ते मिळेल' असं म्हटलं की त्याला कळतं, हे वाईट असणार, म्हणून तर लाच देतायत. आणि पुडी ही बक्षीस म्हणून मिळाली की तिची किंमत आणखी वाढते.

दुसरी गोष्ट सबुरीची. दोन ते सहा या वयात बहुतेक मुलं अनोळखी पदार्थाला बिचकतात. हे आडमुठेपण नसून वयाचा भाग आहे. एखादी भाजी लेकरानं दोनदा थुंकली की आई ठरवून टाकते, "ह्याला मेथी आवडत नाही." पण नवीन चव स्वीकारायला मुलाला ती आठ-दहा वेळा, कधी पंधरा वेळासुद्धा चाखावी लागते. तेव्हा कंटाळा न करता दर तीन-चार दिवसांनी चमचाभर ताटाच्या कडेला वाढत राहायचं. खाल्लं तर खाल्लं, नाही तर गाजावाजा नाही. जबरदस्तीनं तोंडात कोंबलेली भाजी मात्र जन्मभराची नावडती होते. असे मोठे पुरुष प्रत्येक गावात चार-दोन सापडतात.

आईबापांनी काय, कधी आणि कुठं वाढायचं ते ठरवावं. किती खायचं ते लेकराला ठरवू द्यावं. पोषणतज्ज्ञ सांगतात ती ही वाटणी ऐकायला सोपी आहे, पाळायला अवघड, कारण लेकरानं अर्धी भाकर ठेवली की आईचा जीव तुटतो. पण मधे पुडी मिळणार नसेल तर पुढच्या जेवणाला ते बरोबर भरपाई करतं. निरोगी लेकरू एका जेवणानं वाळत नाही.

आणि मोबाईल. व्हिडिओ लावून दिला की लेकरू तोंड उघडतं, म्हणून आया लावतात. त्यांचीही कामं असतात, दोष देण्यात अर्थ नाही. पण तसं जेवणारं लेकरू चव बघत नाही, पोट भरलं की नाही हेही त्याला समजत नाही. त्यापेक्षा घरातल्या मोठ्यांसोबत ताटाला ताट लावून बसवलेलं बरं. बाप जी भाजी बाजूला सारतो ती लेकरूही सारतं, हे कुठल्याही घरात बघायला मिळेल.

उष्टावणापासूनच सुरुवात

सहा महिने पूर्ण झाले की आईच्या दुधासोबत वरचं अन्न सुरू करायचं असतं. उष्टावण थाटात होतं, पण नंतर महिनोन् महिने लेकराला मिळतं ते डाळीचं पाणी आणि भाताची पेज. डाळीच्या पाण्यात पाणीच जास्त असतं. पोट भरतं आणि ताकद मिळत नाही. दिलं जाणारं अन्न चमच्यातून ओघळणार नाही इतकं घट्ट हवं : घोटलेला वरणभात, मऊ खिचडी, कुस्करलेलं केळं, उकडलेला बटाटा, भाजणीच्या पिठाची घट्टसर लापशी, वर चमचाभर तेल किंवा तूप. सहा ते आठ महिन्यांत दिवसाला दोन-तीन वेळा, पुढं तीन-चार वेळा. अंडंही या वयापासून नीट शिजवून देता येतं. ते 'उष्ण पडतं' म्हणून वर्ष-दोन वर्ष लांबवण्याचं कारण नाही.

दोन गोष्टी मात्र कटाक्षानं टाळायच्या. वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवू नये. आणि चार-पाच वर्षांपर्यंत अख्खे शेंगदाणे, फुटाणे, चिंचोके हातात देऊ नयेत. ते श्वासनळीत अडकतात. कूट करूनच द्यावेत. सीताफळाच्या दिवसांतही हेच ध्यानात ठेवायचं. बालाघाटच्या डोंगरातल्या बीडच्या सीताफळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, लेकरांना त्याच्याइतकं आवडणारं दुसरं फळ नाही, पण लहानग्यांना बिया काढूनच द्यावं.

कोयता घेऊन जाताना

या जिल्ह्यात पोषणाचं बोलायचं तर ऊसतोडीचं बोलावंच लागतं. दिवाळीच्या आगंमागं गाड्या निघतात आणि लेकरांच्या जेवणाची दोन ठिकाणी वाटणी होते. काही आजी-आजोबांजवळ गावात राहतात, काही आईबापांसोबत फडावर जातात.

फडावरच्या कोपीत आई पहाटे उठून भाकरी थापते आणि तोडीला जाते. लेकरू दिवसभर पाचटावर. भूक लागली की ऊस चघळतं. त्यानं भूक मरते, बाकी काही मिळत नाही. तिथं ताजं शिजवण्याची अपेक्षा करणं चुकीचं आहे. पण निघताना धान्याच्या पोत्यासोबत शेंगदाणे, फुटाणे, तीळ, गूळ, हुलगे, मटकी बांधून नेलं तर उपयोग होतो. दुधात भिजवलेली दशमी दिवसभर टिकते. शेंगदाण्याचे आणि राजगिऱ्याचे लाडू आठवडाभर टिकतात. भिजवलेल्या मटकीला फडक्यात मोड आपोआप येतात आणि ती मऊ उकडून मिठासोबतही छान लागते.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, निघण्याआधी अंगणवाडीताईंना सांगून जायचं. पोषण ट्रॅकर अॅपमध्ये स्थलांतर करणाऱ्या लाभार्थ्याची नोंद दुसऱ्या अंगणवाडीकडे वळवण्याची सोय आहे. जिथं टोळी उतरेल त्या गावच्या अंगणवाडीत लेकराचं नाव लागलं तर आहार, वजन, लसीकरण तिथं मिळू शकतं. त्यासाठी लेकराचा आधार क्रमांक आणि ट्रॅकरला जोडलेला मोबाईल नंबर सोबत असावा. अनेक जण सिम बदलतात आणि नोंद सापडत नाही.

गावात राहिलेल्या लेकरांचा प्रश्न वेगळा. म्हातारीला चुलीपुढं बसणं होत नाही, लेकाकडून आलेल्या पैशातले दहा रुपये नातवाच्या हातावर ठेवले की ती मोकळी. तिला दोष देऊन भागणार नाही. शाळेचं जेवण आणि हंगामी वसतिगृह चालू असेल तिथलं जेवण हाच अशा मुलांचा खरा आधार असतो, म्हणून ते नीट मिळतंय का याकडे गावानं बघायला हवं.

शाळेच्या ताटात काय असायला हवं

प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण योजनेत पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं, सहावी ते आठवीच्या मुलाला ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिनं मिळायला हवीत. कोरड्या मालात सांगायचं तर लहानांसाठी १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ-कडधान्य आणि ५० ग्रॅम भाजी; मोठ्यांसाठी १५० ग्रॅम तांदूळ, ३० ग्रॅम डाळ-कडधान्य, ७५ ग्रॅम भाजी. शंभर मुलांच्या प्राथमिक शाळेत रोज पाच किलो भाजी पडली पाहिजे, एवढा हिशेब कुठल्याही पालकाला करता येतो. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत हे विचारायला कुणाची परवानगी लागत नाही. अचानक जाऊन एक दिवस मुलांच्या पंगतीत बसून जेवलं तर त्याहून बरं.

२०२३ च्या अखेरीला राज्यात आठवड्यातून एक दिवस अंडं, आणि अंडं न खाणाऱ्यांना केळं किंवा दुसरं फळ, असं सुरू झालं होतं. २०२५ च्या सुरुवातीला शासनानं त्यासाठीचा निधी थांबवला आणि लोकसहभागातून सोय करायला सांगितलं. अंड्याच्या दिवशी मुलं हटकून शाळेत येतात, हे शिक्षकांना ठाऊक आहे. बंद करायला हा सोडून दुसरा खर्च सापडायला हरकत नव्हती. तिथिभोजनाची सोय योजनेतच आहे; वाढदिवसाला केक आणि चॉकलेट वाटण्याऐवजी त्या दिवशी वर्गाला अंडी, केळी किंवा शेंगदाण्याचे लाडू देता येतात.

शाळेच्या दारातल्या टपरीचं काय? देशाच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणानं २०२० मध्ये केलेल्या नियमांनुसार, जास्त तेल, साखर आणि मीठ असलेले पदार्थ शाळेच्या आवारात आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत मुलांना विकता येत नाहीत. टपरीवाला बहुधा गावातलाच, कुणाचा तरी भाऊबंद असतो, त्यामुळे तक्रार कुणी करत नाही. त्याच्याकडे फुटाणे, शेंगा, केळी, उकडलेली अंडी, पेरू विकायला ठेवायची गळ घालणं जास्त जमण्यासारखं आहे. त्याचंही पोट चालतं.

जंत, गोळ्या आणि दवाखाना

चांगलं खाऊनही वजन वाढत नसेल तर जंतांचा विचार करावा. फेब्रुवारी आणि ऑगस्टमध्ये शाळा-अंगणवाडीत जंतनाशक गोळी देतात. त्या दिवशी लेकरू घरी ठेवू नये, आणि राहिलंच तर नंतरच्या फेरीत मागून घ्यावी. लोहाचं औषधही मोफत मिळतं : पाच वर्षांखालच्यांना पातळ औषध, प्राथमिक शाळेतल्या मुलांना आठवड्याला एक गुलाबी गोळी, दहा वर्षांपुढच्यांना निळी. गोळीनं शौच काळी होते, म्हणून पालक घाबरून ती बंद करतात. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पोटात मळमळत असेल तर जेवणानंतर द्यावी, रिकाम्या पोटी नको, आणि चहासोबत तर मुळीच नको.

अंगणवाडीत दंडाच्या घेराची रंगीत पट्टी असते. सहा महिने ते पाच वर्षांच्या लेकराचा दंड साडेबारा सेंटिमीटरच्या खाली, म्हणजे पिवळ्यात आला तर लक्ष द्यायची वेळ झाली. साडेअकराच्या खाली, लाल पट्ट्यात आला तर ते तीव्र कुपोषण आहे, आणि तिथं घरगुती लाडू पुरत नाहीत. अशा लेकराला लगेच प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवावं. तिथून गरजेनुसार पोषण पुनर्वसन केंद्रात पाठवतात. दोन्ही पावलांवर सूज असेल, अंगठ्यानं दाबल्यावर खड्डा पडून तसाच राहत असेल, तर पट्टीचा रंग कुठलाही असो, त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. सुजेमुळे काट्यावर वजन वाढलेलं दिसतं आणि घरचे समजतात, लेकरू धरायला लागलं.